मैनेची अंघोळ

गाडीला हात लावायचा नाही, ती धुवून दाखवायची नाही, तोंडानं पुराण सांगून पटवायचंही नाही. आणि तरी मशीनपेक्षा हाताची धुलाई सरस आहे, हे दिवाळीच्या पहिल्या अंघोळीपर्यंत सिद्ध करायचं! नाही जमलं, तर गाडी धुणाऱ्या गेनबानं गाडीखान्याची किल्ली परत करायची आणि आमराईत माकडं हाकायला जायचं. सोनवडीच्या तात्यासाहेब सरकारांनी असा हुकूम सोडला आणि मिशीवरून हात फिरवला.

संस्थान केव्हाच खालसा झालं होतं. हुकूम सोडायची खोड तेवढी खालसा व्हायची राहिली होती.

भांडणाचं मूळ होती मैना, म्हणजे सरकारांची मोरपंखी रंगाची जुनी मोटार. गेनबा तिला जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं असा न्हाऊ घालायचा, जशी आजी लेकीच्या तान्ह्याला घालते. त्यात सगळी सकाळ जायची, पण कधी कुणाची तक्रार नव्हती. मग दसऱ्याला सरकारांचे मेहुणे फत्तेसिंहराव आले. त्यांनी हमरस्त्यावर गाड्या धुवायचं मशीन टाकलं होतं आणि त्याला एखादं नामांकित गिऱ्हाईक हवं होतं.

"दाजीसाहेब, कुठल्या जमान्यात आहात? सकाळभर गाडी चोळत बसायचं म्हणजे काय!" ते म्हणाले, आणि सरकारांना ते पटलं. नवी गोष्ट सरकारांना लगेच पटायची आणि पटली की घोरपडीसारखी चिकटायची.

मैना दुसऱ्याच्या हाती जाणार म्हटल्यावर, हाताची सर मशीनला यायची नाही, असं गेनबा बोलून गेला आणि सरकारांनी तो हुकूम सोडला. पण रडत बसणाऱ्यातला तो नव्हता. दुसऱ्या सकाळी मुजरा करून तो सरकारांपुढे उभा राहिला.

"सरकार, मशीन मी बगितलेलं न्हाई. त्यात हुतंय काय, तेवढं आपल्याच तोंडून ऐकावं म्हणतो."

सरकार खुलले. "अरे, नळीतून थंडगार पाण्याचा फवारा येतो. मग साबणाचा फेस. मग ब्रश गरागरा फिरतात, शेवटी वाऱ्याचा झोत. पाच मिनिटांत काम फत्ते, आणि माणसाचा हात म्हणून लागत नाही!"

"पाच मिन्टात? अन् हे समद्यात चांगलं?"

"सगळ्यात चांगलं. लिहून घे!"

"लिवायचं कशाला, सरकार. आपला शब्द हाय की," गेनबा म्हणाला आणि खाली मान घालून निघून गेला.

नरकचतुर्दशी उजाडायला आली. सरकार न्हाणीघरात पंचा नेसून पाटावर बसले. बाहेर राणीसाहेब औक्षणाचं तबक घेऊन उभ्या होत्या, उंबऱ्याशी फोडायला कारीट ठेवलं होतं, आणि फराळाच्या ताटांचा वास थेट आत येत होता. दिवाळीला आलेले फत्तेसिंहराव अजून पाहुण्यांच्या खोलीत घोरत होते. सरकारांना तेल-उटणं लावण्याचा मान वर्षानुवर्षं गेनबाचाच. दार उघडून तो आत आला. एका हातात बागेतला पाण्याचा पाइप, दुसऱ्या हातात फेसाची बादली, काखेत काथ्याचे दोन दांडगे ब्रश.

"तेल कुठाय रे?"

"मशीनमधी तेल नसतं, सरकार."

आणि त्यानं पाइपाची तोटी सोडली. पहाटेचं विहिरीचं पाणी ते! सरकार पाटावरून वीतभर उडाले. "अरे गाढवा! कढत पाणी आण!"

"उशीर हुईल. सूर्व्या उगवायला आला, अन् त्याआधी न्हायलं न्हाई तर थेट नरक. पाच मिन्टात उरकतो." तोवर फेस डोक्यावरून ओघळून डोळ्यांत गेला होता. सरकार आंधळ्यासारखे चाचपडू लागले. पाठीवर काथ्या खरखरला.

"आई गं! कसला ब्रश आहे हा?"

"काल ह्यानं बैल धुतलं, सरकार. परवा म्हस."

"म्हशीचा ब्रश मला?"

"मशीनमधी तरी दर गाडीला नवा कुठं असतोय? वाळूच्या टेंपोवरनं फिरतो, तोच मैनेवरनं फिरायचा."

इतक्यात ब्रश डाव्या खांद्याकडे वळला आणि ते कळवळून ओरडले. तो खांदा अधू होता. तरुणपणी मैना चालवायला शिकताना त्यांनी ती वाड्याच्या दरवाजावर घातली होती. त्या दिवशी सरकारांचा डावा खांदा निखळला आणि मैनेचा डावा मडगार्ड चेपला. तिथला रंग अजून नाजूक होता.

"थांब! तिथं नको! इतकी वर्षं मला न्हाऊ घालतोस, माझा खांदा तुला ठाऊक नाही?"

गेनबानं ब्रश खाली ठेवला.

"माज्या हाताला ठावं हाय, सरकार. तुमचा खांदाबी अन् मैनेचा मडगार्डबी. ब्रशाला कसं ठावं असणार?"

मग फेसातून आधी एक फुरफुर आली आणि पाठोपाठ सरकार असे गडगडून हसले, की बाहेर राणीसाहेबांच्या तबकातलं निरांजन विझता विझता राहिलं.

"लबाडा! मैनेला हात लावला नाहीस, पुराण सांगितलं नाहीस, माझ्याच पाठीवर सिद्ध केलंस! गाडीखान्याची किल्ली तुझ्याकडेच राहील. आणि आज फराळानंतर मैनेत मागच्या गादीवर तू बसायचं, गाडी मी चालवणार."

"दरवाजा बगून चालवा म्हंजे झालं, सरकार."

"आता तेल आण, कढत पाणी आण. पळ, उजाडेल!"

गेनबा पाइप गुंडाळून निघाला, तसा सरकारांनी त्याला पुन्हा हाक मारली.

"तो पाइप आणि म्हशीचा ब्रश इथंच राहू दे. आमच्या मेहुण्यांची अंघोळ अजून व्हायची आहे!"