आधी साक्षीदार आणा

रहमतबी आणि इनासबाईच्या घरांची विहीर एकच. सुभेदाराला ती आपल्या वाडीसाठी हवी होती. त्याने दोघींना भरल्या कचेरीत उभं केलं.

"इनास म्हणते, येशू क्रुसावर मेला नि तिसऱ्या दिवशी उठला. तू म्हणतेस, इसा क्रुसावर मेलाच नाही, अल्लाने त्याला वर नेलं. खरं काय ते आज ठरवा, नाहीतर विहीर माझी!"

रहमतबीने कमरेवर हात ठेवले. "सरकार, आज तो वर जिवंत आहे नि परत येणार, हे आम्हा दोघींनाही कबूल. मग जित्या माणसाची साक्ष न घेता निकाल द्यायची इथे रीत आहे का?"

"नाही..." सुभेदार चाचरला.

"मग तो येईस्तोवर पुढची तारीख द्या. चल गं इनास, पाणी भरायचंय!"