सरळ रेषेतले अडीच तास

"...मग चूक कोणाची, बाबाजी? धुक्याची?"

अडकूबाबा वैनगंगेकाठच्या आपल्या झोपडीपुढे कांबळं उन्हात घालत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

विचारणारा हेमराज रहांगडाले. लहानपणी याच झोपडीत बाबांपुढे बसून चार अक्षरं शिकला, आता दिब्रुगडला तेल कंपनीत मोठा इंजिनिअर. आई जैवंताबाई जाऊन पाच दिवस झाले होते. अग्नीही शेजाऱ्यानेच दिला. हेमराजच्या पायांत चप्पल नव्हती, आवाज मात्र अजून साहेबाचा होता.

त्याने मोबाइल पुढे केला.

"हे बघा. दिब्रुगड ते गोंदिया, विमानतळ ते विमानतळ, सोळाशे तीस किलोमीटर. उड्डाण अडीच तासांचं. सहा वर्षं आईला हेच सांगत आलो. हाक मार, अडीच तासांवर आहे."

"सरळ विमान हाय?"

"सरळ नाही... आधी कोलकाता, मग नागपूर, पुढे गाडी."

"मंग अडीच तासात कोन येते?"

"ते सरळ रेषेचं गणित आहे, बाबाजी. विमान असतं तर."

शिकलेल्या माणसाचं हे असंच. नकाशावर रेघ ओढली की त्याला रस्ता झाल्यासारखा वाटतो.

"तुले किती लागले?"

"कोलकात्याला धुक्यात अडकलो... एकतीस तास."

बाबांनी कांबळ्याची सुरकुती हाताने सारखी केली.

"शेवटी माझी आठवण काढली का तिनं?" हेमराजने विचारलं. आता आवाज साहेबाचा नव्हता.

बाबा खाली बसले.

"सकाळी नऊले तुहा फोन आला, निघालो म्हनून. तिनं भिंतीवरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवाले लावलं. साडेअकराले म्हने, केस विंचरून द्या, लेक येते."

हेमराजने मोबाइल खिशात घातला.

"जीभ सुकली होती. मी पानी घेऊन बसलो, त तोंड मिटून घेतलं. म्हने, लेकाच्या हातचं पेईन, आता पोचतेच. दोन वाजले. म्हने, पयलं विमान चुकलं असन, दुसऱ्यात बसला असन... अजून अडीच तास."

"तुम्ही सांगायचं होतं ना तिला, लांब आहे म्हणून!"

"सांगतलं. हासली माह्यावर. म्हने, बाबाजी, तुमाले का समजते विमानातलं..."

दिवेलागणीला जैवंताबाई गेल्या. ओठ मिटलेलेच होते.

हेमराज गुडघ्यांत डोकं घालून लहान मुलासारखा रडला. बाबांनी त्याला रडू दिलं. मग तांब्या भरून त्याच्यासमोर ठेवला. हेमराजने तो उचलला, तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.



"पण मी खोटं नव्हतो बोललो, बाबाजी," तो म्हणाला. "आकडा खरा आहे. तुम्ही कोणालाही विचारा."

बाबांनी तांब्यातलं पाणी हळूच जमिनीवर ओतलं.

"खोटं बोलला असता, त मायनं तवाच वळखलं असतं... अन् पानी पेली असती."