ज्या गाण्यात कुणी येत नाही

डोंगरांच्या आडोशाला एक मुलूख होता. तिथे एका गावची जत्रा उठली की दुसऱ्या गावची भरायची. त्या जत्रांमधून दाजीबाचा फड फिरत असे, आणि त्या फडात तुळसा नावाची एक गाणारीण होती. गाणी तीच रचायची, चाली तीच लावायची आणि गायचीही तीच.

तिचं एक गाणं लोकांना फार आवडे. नावाड्याची बायको काठावर बसून नवऱ्याची वाट बघते, असं ते गाणं. दोन कडवी संथ जायची. तिसऱ्या कडव्यात लांबवर नाव दिसायची, ढोलकी एकदम उसळायची आणि तुळसा म्हणायची, "आली गं आली, नाव माझी आली." त्या ओळीला सगळा तंबू उठून उभा राहायचा. फेटे उडायचे.

एके दिवशी दाजीबा तिला म्हणाला, "तुळसा, ही ओळ सुरुवातीलाच घे. लोकांना तेवढीच हवी असते."

"मालक, ती वाट बघते म्हणून तर नाव आल्याचं सुख आहे."

"वाट तिनं बघावी. गिऱ्हाइकानं का बघायची?" दाजीबा वाईट माणूस नव्हता. त्यानं तंबूमागे बोट दाखवलं. तिथे चुलीभोवती फडातली माणसं जेवत बसली होती, बायकामुलं धरून चौदा जण. "शेजारी दुसरा फड उतरलाय. यांचं पोट तुझ्या त्या ओळीवर आहे."

तुळसानं त्या चौदा माणसांकडे पाहिलं. तिनं ओळ वर घेतली. त्या दिवशी तंबूत मावेना एवढी गर्दी झाली.

मग दाजीबानं सांगितलं, तशीच आणखी गाणी कर. तिनं केली. एका गाण्यात पहिल्याच ओळीला नवरदेव आला, दुसऱ्यात मामा आला, तिसऱ्यात हरवलेली गाय आली. जे कुणी यायचं ते लगेच येऊ लागलं.

पण तुळसाला एक खोड लागली. गाताना तिचे डोळे मागच्या रांगेत जाऊ लागले. कोण चुळबुळतंय, कोण उठतंय. एकदा एक माणूस पान थुंकायला उठला, तर तिनं घाबरून कडवं अर्ध्यावरच तोडलं आणि टाळीची ओळ धरली. तो माणूस परत येऊन जागेवर बसला, पण तुटलेलं कडवं तिनं पुन्हा धरलं नाही. घास खातानाही तिला वाटे, उद्या ते उठले तर?

चैत्रातली मोठी जत्रा आली. पाच फडांचे पाच तंबू एका ओळीत लागले आणि पाचही तंबूंतून एकाच वेळी आवाज आला, "आली गं आली." ओळ उचलायला सोपी होती, सगळ्यांनी उचलली. रस्त्यावरची माणसं जो तंबू जवळ असेल त्यात शिरत होती. दाजीबाचा तंबू रस्त्यापासून शेवटचा. तो निम्मा रिकामा राहिला.

"दोन ढोलक्या घेऊ," दाजीबा म्हणाला. "आणि गाणं आणखी जलद कर."

तुळसा नवी चाल बांधायला ओढ्याकाठी जाऊन बसली. गुणगुणायला लागली, तर चाल दोन पावलं चालून आपोआप त्याच ओळीवर जाऊन पडली. तिनं दुसरी धरली, तीही तिथेच गेली. दहा वेळा तिनं सुरुवात केली आणि दहाही वेळा कुणीतरी आलंच. आता तिला खरी भीती वाटली. आजवर लोक जातील म्हणून ती भीत होती. आपल्यातलं गाणंच निघून गेलं असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

फडाचा म्हातारा ढोलकीवाला सावळाराम तिला शोधत आला. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"पोरी, दोन वर्षं तू नुसती माणसं बघतेस," तो म्हणाला. "ती काय बोलतात, ते कधी ऐकलंस?"

ती उठली आणि जत्रेत गेली. एका कासारणीपुढे बसून तिनं बांगड्या भरायला हात पुढे केला. कासारणीनं हात दाबून माप घेतलं आणि हात तसाच धरून ठेवला.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही बाई. माझ्या लेकीचं माप असंच आहे. लांब दिलीय तिला, चार वर्षांत येणं झालं नाही. तिचा हात अजून माझ्या बोटांत आहे, पण बांगड्या दुसरंच कुणीतरी भरत असेल." एवढं बोलून तिनं बांगड्या भरल्या आणि पुढच्या बाईचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसानं दाजीबाला कासारणीचं आणि तिच्या लेकीचं नवं गाणं म्हणून दाखवलं. तो शेवटपर्यंत थांबला.

"शेवटी लेक येते ना?"

"नाही येत."

"मग टाळी कुठं?"

"मला ठाऊक नाही, मालक."

दाजीबा येरझाऱ्या घालू लागला. "लोक उठतील, तुळसा."

"उठतील. पण त्या ओळीसाठी आता आपल्याकडेच यावं असं काय राहिलंय? ती तर पाचही तंबूंत मिळते."

दाजीबाच्या येरझाऱ्या थांबल्या. तो म्हणाला, "आधी जलद गाणी. रस्त्यावरचा माणूस आत यायला पाहिजे. मग हे, एकदाच. आणि तंबू रिकामा झाला तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

तिनं ते मान्य केलं.

दुपारच्या खेळाला जलद गाण्यांनी बरी माणसं जमली. मग तिनं कासारणीचं गाणं धरलं. पहिल्या कडव्यालाच पुढची तरणी पोरं उठून गेली. दुसऱ्या कडव्याला मागची एक रांग हलली. ती ओळ ओठांवर आली होती. एकदा म्हटली असती तर गेलेले निम्मे परत फिरले असते. दाजीबा कनातीशी उभा राहून तिच्याकडेच बघत होता. तिनं सावळारामच्या बोटांवर नजर ठेवली आणि गाणं जसं होतं तसं, सावकाश, शेवटापर्यंत नेलं.

टाळी पडली नाही. लोक खाली बघत उठले आणि निघून गेले. तुळसा तिथेच बसून राहिली. चौदा माणसांना आता काय तोंड दाखवायचं, तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी खेळाच्या बऱ्याच आधी सात-आठ बायका तंबूच्या दाराशी येऊन बसल्या. बरोबर आपापल्या सासवा, जावा आणल्या होत्या. "ते हाताच्या मापाचं गाणं इथंच ना?" त्यांनी विचारलं. तिसऱ्या दिवशी पुरुषही आले. त्यातले काही लेकींचे बाप होते.

दुसऱ्या फडांनी तेही गाणं उचलून पाहिलं. पण त्यात उचलण्यासारखी अशी एक ओळ नव्हती, आणि ते सगळं गाण्याएवढा धीर त्यांच्याकडे नव्हता.

दाजीबानं जलद गाणी बंद केली नाहीत आणि तुळसानंही त्याला तसं सांगितलं नाही. तीच गाणी माणसांना रस्त्यावरून आत आणत होती. मात्र दर जत्रेला तिनं एक नवं गाणं आपल्या मनासारखं करायचं, असं ठरून गेलं. त्यातली काही अजिबात चालली नाहीत, आणि त्या दिवशी चुलीपाशी सगळे मुकाट जेवले. दर वेळी गाताना ती जुनी ओळ तुळसाच्या ओठांवर येत असे. ते कधी थांबलं नाही.

पुढे एकदा असंच नवं गाणं चालू असताना चार माणसं उठली. सावळारामनं घाबरून ठेका वाढवला. तेव्हा दाजीबा स्वतः कनातीमागून त्याच्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "हळू घ्या. तिला म्हणू दे."

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: माणसाला दारातून आत आणायला त्याच्या आवडीचं द्यावं, पण त्यानं पुन्हा यावं असं वाटत असेल, तर तो उठून जाईल ही भीती सोसूनही त्याला आपलं खरं काहीतरी द्यावं.