पेटीमावशीची तीन मिनिटं

फार जुनी गोष्ट म्हणावी, तर तेव्हाही गावोगाव वीज होतीच. बाळांची लस घेऊन एक गाडी फिरायची. गाडीत फ्रीज होता आणि शेजारी स्टॅबिलायझरची पेटी. ज्या गावी थांबायचं, तिथल्या विजेला वायर जोडायची. पेटी आधी तीन मिनिटं वीज पारखायची, मगच फ्रीजला द्यायची. बाळाला दूध पाजण्याआधी आई मनगटावर थेंब टाकून बघते ना, तसंच.

फ्रीज चिडायचा. "मावशी, कालची वीज चांगली होती की!"

"ते कालचं गाव, बाबा. हे आजचं."

एकदा भर उन्हात ड्रायव्हर भिवाजीने पिठाच्या गिरणीतून वायर घेतली. वीज बरी नसल्याचा पेटीचा लाल दिवा काही विझेना. बाहेर आया बाळांना घेऊन ताटकळलेल्या. फ्रीज ओरडला, "लस तापून वाया जाईल! भिवाजीदादा, हिला काढा, मला थेट जोडा!"

पेटी म्हणाली, "ही वीज मी देणार नाही. तू दार घट्ट धर. आतला गारवा तासभर पुरेल."

भिवाजी पेटी काढणार, तोच विजेचा दाब एकदम चढला आणि गिरणीतला बल्ब फटकन फुटला. भिवाजीने चटकन हात मागे घेतला. "आज माझ्या हातून काय झालं असतं!"

मग त्याने शाळेतून वायर ओढली. पेटी पुन्हा पारखू लागली. या वेळी फ्रीज दार घट्ट धरून थांबला. हिरवा दिवा लागला. थोड्या वेळाने पहिल्या बाळाला सुई टोचली आणि त्याने भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून फ्रीजला फार बरं वाटलं.