साहेबांना ओळखा

मला वाटलं होतं, बालशिक्षणाची पदवी घेऊन एडिंबराहून परतले की गोरेगाव माझी वाट बघत असेल. प्रत्यक्षात गोरेगाव नटनट्यांची वाट बघत होतं, आणि पंधरा दिवसांत मीही त्याच कामाला लागले.

घरासमोरच स्टुडिओ. परदेशात पाच वर्षं मी तावातावाने सांगत असे की सिनेमावाल्यांचं हे वेड म्हणजे समाजाचा आजार आहे. इथे आल्यावर मात्र दूध आणायला जातानाही मी केस नीट करू लागले. कोण कधी दिसेल सांगता येत नाही. दिसतही असतील, पण मला ओळखू येत नव्हते. एकदा मोठ्या धिटाईने एका रुबाबदार गृहस्थांची सही घेतली, तर ते विजेचं मीटर बघायला आलेले निघाले. सही मात्र त्यांनी मन लावून केली.

समाजासाठी काही करायची माझी ऊर्मी तेवढी शाबूत होती. सिनेमातल्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या बायकांची शिफ्ट सकाळी सातला सुरू होते. त्यांची लहान मुलं दिवसभर कुलूपबंद खोलीत, नाहीतर शेजाऱ्यांच्या मेहेरबानीवर. छबूताई घाडीगावकर त्यांच्यातलीच. तिची तीन वर्षांची मुलगी घरात एकटी असताना स्टोव्हवर भाजली होती. स्टुडिओच्या भिंतीला लागून कपडेपटाचं एक जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. तिथे पाळणाघर काढायचं आम्ही दोघींनी ठरवलं. गोदाम होतं मानवेंद्र निंबाळकरांचं. तीस वर्षं नायकाचं काम करणारे, सगळा भाग ज्यांना नुसतं ‘साहेब’ म्हणतो, ते.

आम्ही त्यांच्या बंगल्यावर गेलो. बागेत एक टक्कल पडलेले गृहस्थ झाडांना पाणी घालत होते. मी त्यांना विचारलं, “काका, साहेब घरात आहेत का?”

छबूताईने मला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. पडद्यावरचे ते दाट केस टोपाचे असतात, हे मला कुठून ठाऊक असणार?

साहेबांनी पाण्याचा पाइप खाली टाकला. “मुली, समोर उभा असून तू मला ओळखलं नाहीस. आता वेष बदलल्यावर ओळखून दाखव.”

उद्या सकाळी नऊ ते दहा साहेब स्टुडिओच्या नाक्यावर वेषांतर करून असतील. बोट एकदाच दाखवायचं. बरोबर निघालं तर गोदाम पाळणाघराला. चुकलं तर व्यायामशाळेला, आणि पुन्हा बंगल्याची घंटा वाजवायची नाही. एका वेषात आपण सख्ख्या आईलाही फसवलं होतं, असं त्यांनी वर ऐकवलं. मी ताबडतोब कबूल केलं. इतका उत्साह आणि इतकी कमी अक्कल एकाच ठिकाणी छबूताईने प्रथमच पाहिली असावी.

सकाळी नऊला नाका भरलेला होता. केळेवाला, चावीवाला, भविष्य सांगणारे गुरुजी, चपला शिवणारे काका, भिंतीला टेकून कंगवे-पिना विकणारा एक लंगडा म्हातारा, वाहतूक हवालदार आणि रस्त्याने जाणारी शेकडो माणसं. मी शास्त्रशुद्ध निरीक्षण सुरू केलं. गुरुजींचा टिळा फारच सरळ होता. एका बाईंची मनगटं फारच रुंद होती. मी त्यांचा पिठाच्या गिरणीपर्यंत पाठलाग केला आणि त्यांच्या सुनेची ओळख करून घेऊन परत आले. पावणेदहाला माझी खात्री पटली की हवालदाराची मिशी खोटी आहे. ती ओढून बघायला मी हात पुढे केला, तेवढ्यात छबूताईने तो धरला.

“ताई, तुम्ही आता काही करू नका. नुसतं उभं राहा.”

तिने पदर खोचला आणि पेट्रोल पंपाकडे तोंड करून ती ठणठणीत आवाजात ओरडली, “साहेब आले! पंपावर उतरले बघा गाडीतून!”

नाका जवळजवळ रिकामा झाला. केळेवाल्याने गाडी तशीच सोडली, गुरुजी पंचांग काखेत मारून पळाले, हवालदार सगळ्यांच्या पुढे. आणि मी? मला सगळं माहीत होतं, तरी मीही धावले. चाळीस पावलं गेल्यावर कुठे आठवलं, आणि मान खाली घालून परत आले.

छबूताई कंगवेवाल्या म्हाताऱ्यासमोर उकिडवी बसली होती. “साहेब, गोदामाची किल्ली.”

“कोण साहेब, बाय?” म्हातारा खोकत म्हणाला. “लंगडा माणूस मी. धावणार कसा?”

“धावू नका. पण मान तरी वळवायची. ते चपलावाले काका बघा, गिऱ्हाइकाचा जोडा हातात घेऊन पेटीवर चढलेत.”

म्हाताऱ्याने सावकाश एक कंगवा सरळ केला. आता त्याचा आवाज ओळखीचा होता. “तेवढ्यावरून?”

“बारा वर्षं गर्दीत धावतेय, साहेब. ‘हिरो आला’ म्हटलं की शंभर जणी पळतो. त्यात एक जरी जागेवर राहिली तरी सगळ्यात आधी तीच दिसते, आणि सगळा शॉट परत करायला लागतो. साहेब पंपावर नाहीत हे आम्हा दोघींशिवाय नाक्यावर एकालाच पक्कं ठाऊक होतं. तो कशाला बघेल?”

“आणि मला बघायची हौसच नाही, असा कुणी इथे असता तर?”

“असा माणूस या नाक्यावर आहे, असं तुम्ही स्वतः म्हणा,” छबूताई म्हणाली, “मी हरले.”

साहेब असे हसले की अर्धी दाढी निसटून गळ्यात आली. दोन तास खपून लावलेली ती दाढी त्यांनी स्वतःच ओढून काढली, पिनांच्या डब्यातून किल्ली उचलली आणि छबूताईच्या हातात दिली. गोदामाला दोन पंखे आणि पाण्याची टाकीही बसवून देतो, म्हणाले. तोवर लोक परत येत होते. हवालदार साहेबांना ओलांडून माझ्याकडे आला आणि म्हणाला, साहेब आत्ताच गेले, त्याला पाठमोरे दिसले, काय केस आहेत!

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाम झाडताना मी ठरवलं की पाळणाघराची प्रमुख छबूताई आणि मी तिच्या हाताखाली. तिला हे मान्य आहे, पण आधी आठवडाभर तुमचं काम बघेन, म्हणाली.