दोन जिने आणि एक शिळा

एका राज्यात दोन जिने होते, आणि दोन्ही एकाच अंगणातून वर जात. एक रुंद, एक अरुंद.

रुंद जिना दहाचा. एक पायरी चढले की वस्तू दहापट, दोन चढले की शंभरपट, तीन चढले की हजारपट. त्या राज्यात मोठे आकडे कोणी उच्चारत नसे, नुसती पायरी सांगत. शंभराला हजाराने गुणायचे, तर दोन पायऱ्यांत तीन मिळवायच्या. पाचवी पायरी आली, लाख झाले, काम संपले.

अरुंद जिना निसर्गाचा. जी वस्तू क्षणोक्षणी आपल्याच आकाराच्या मानाने वाढते, ती या जिन्याने चढे. त्याची एक पायरी म्हणजे दोन पूर्णांक सात एक आठ पट, आणि पुढे कधीही न संपणारे अंक.

राजा सुबाहूची लेक कुमुदिनी आणि तिचा धाकटा भाऊ पुष्कर यांना हे जिने एक म्हातारा पिंगळा शिकवी. पिंगळा पक्षी होता, पण माणसांहून स्वच्छ बोले. रुंद जिन्यावर कुमुदिनी वाऱ्यासारखी पळे. अरुंद जिन्याची पाळी आली की ती खिडकीबाहेर पाहत बसे.

"ताईला हा जिना येत नाही," पुष्कर चिडवी.

"येत नाही नव्हे, आवडत नाही. ज्या आकड्याला धड शेवट नाही, त्याचं काय कौतुक?"

"झाडं याच जिन्यानं वाढतात, ताई."

"मग झाडांनीच शिकावा तो!"

पिंगळा हसला आणि गप्प राहिला. तेव्हा बोलायला हवे होते, असे तो पुढे नेहमी म्हणे.

एकदा राजाने कालजिह्व नावाच्या मांत्रिकाचे माणिक बळाने आणले आणि राजवाड्याखालच्या भुयाराच्या टोकाशी ठेवले. ठेवताच माणकातून काळी वेल फुटली आणि नगरातल्या साऱ्या विहिरी कडू झाल्या. कालजिह्व दरबारात येऊन उभा राहिला.

"राजा, वेल आज हातभर आहे. ती निसर्गाच्या जिन्याने चढेल, प्रहराला एक पायरी. भुयार हजार हात लांब आहे. तिचं एक पान जरी बाहेर आलं, तर नगर तिचं झालं. माणिक उपटलंत तर ती मरेल. तोंडावरची शिळा लोटलीत तर ती अडेल. पण लोटलेली शिळा माझी तीन कामं केल्याविना हलणार नाही. आत भूक नाही, तहान नाही. मात्र शिळा लोटल्यावर बाहेर एक दिवस सरला की आत एक वर्ष सरेल."

पुष्करने मशाल घेतली. "मी आणतो माणिक. ताई, शिळेपाशी तू थांब. वेळ तूच मोज, दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही."

"जा. आणि वाटेत उगाच रेंगाळू नकोस," ती म्हणाली.

पिंगळा विहिरी पाहायला गेला होता. कुमुदिनी शिळेपाशी एकटीच उभी राहिली. हजारपट म्हणताच तिच्या तोंडात तिसरी पायरी आली. ती इतकी सहज आली, की हा कोणता जिना हे विचारायचे तिला सुचलेच नाही. तिसऱ्या प्रहराची घंटा झाली. तिने भावाला हाक मारली. उत्तर आले नाही. मागे सारे नगर होते, पुढे काळोख. डोळे मिटून तिने शिळा लोटली.

लोकांनी तिचा जयजयकार केला. राजा तिच्या डोक्यावर हात ठेवून रडला.

दिवेलागणीला पिंगळा परतला.

"शिळा केव्हा लोटलीस, राजकन्ये?"

"तिसऱ्या प्रहराला. हजार म्हणजे तिसरी पायरी."

"कोणत्या जिन्याची?"

कुमुदिनीने वळून शिळेकडे पाहिले.

"अरुंद जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर वेल जेमतेम वीस हात होती," पिंगळा हळूच म्हणाला. "हजाराला जवळजवळ सात लागतात. पोराच्या हाती अजून चार प्रहर होते गं."

ती धावत कालजिह्वाकडे गेली. त्याने पहिले काम सांगितले: दोन्ही जिने जिथे सारखेच आहेत, तिथली माती आण. तिने दोन्ही जिन्यांचे माथे धुंडाळले. शेवटी थकून खाली अंगणात बसली, तेव्हा उमगले. वस्तू जेवढीच्या तेवढी राहिली, एकपट राहिली, तर कोणत्याही जिन्यावर एकही पायरी चढावी लागत नाही. तिने अंगणातली माती नेली.

दुसरे काम: रुंद जिन्याच्या एका पायरीत अरुंद किती मावतात? जो जिना तिने मन लावून कधी पाहिला नव्हता, तो आता ती हाताने चाचपत चढली, उतरली, पुन्हा चढली. दोन पायऱ्या, आणि वर तीन दशांशाहून किंचित अधिक. एवढे कळायला महिना गेला. पुष्करला ते पाठ होते.

तिसरे काम: शिळेला कान लाव. शिळेने आजवर जे ऐकलं, ते तूही ऐक. कान काढायचा नाही.

कुमुदिनीने कान लावला. आधी धावती पावले ऐकू आली. मग पुष्करचा आवाज.

"ताई, मिळालं माणिक! वेल सुकली बघ! उघड."

मग हसू. "थट्टा पुरे हं, ताई. पाचवाच प्रहर चाललाय."

मग पुष्कळ वेळ थापा. मग तोच आवाज, पण जाड झालेला. "तू मोजण्यात चुकायची नाहीस. बाहेर काही झालं का? तू बरी आहेस ना?"

मग थापा विरळ होत गेल्या, आवाज कापरा होत गेला. कुमुदिनीने कान काढला नाही.

शिळा सरकली. आतून पांढऱ्या केसांचा एक म्हातारा काठीसारखी मशाल टेकत आला. त्याच्या मुठीत माणिक होते. कालजिह्व ते घेऊन निघून गेला आणि विहिरी गोड झाल्या. नगरात नगारे वाजले.

"ताई," म्हातारा त्या कोवळ्या मुलीला म्हणाला. ते ऐकून कोणीतरी हसले, आणि लगेच गप्प झाले.

"पुष्कर, तू वेळेत आला होतास. मोजण्यात मी चुकले."

त्याने मशाल शिळेला टेकवून ठेवली.

"असं होय," तो म्हणाला. "मला इतकी वर्षं वाटत होतं, मीच उशीर केला."

तेव्हापासून त्या राज्यात कोणी पायरी सांगितली, की ऐकणारा आधी जिना विचारतो. कुमुदिनी मुलांना अरुंद जिना शिकवते. खाली अंगणात, दोन्ही जिने सुरू होतात तिथे, तिचा धाकटा भाऊ उन्हाला बसलेला असतो.