मिटलेली मूठ आणि चौकातला फासा

एका राज्यात सोंगखेळ नावाचा खेळ होता. लहानथोर सगळे तो खेळत. चारपाच जण पटाभोवती बसत. एक सूत्रधार होऊन गोष्ट सांगू लागे, बाकीचे एकेक सोंग घेत. कोणी चोर होई, कोणी यक्ष, कोणी वैदू. दरीवरून उडी मारणारा पलीकडे पोचला की खाली पडला, ते फासा ठरवी. नियम थोडे होते. त्यांतला थोरला नियम असा, की टाकलेला फासा उचलायचा नाही. पडलं ते पडलं.

हा खेळ रचला होता राजाच्या पणजीने, राणी मेधावतीने. तिने भर चौकात आपला हस्तिदंती फासा टाकला आणि म्हणाली, "हा खेळ सर्वांचा. खेळा, त्यात भर घाला, बनवून विका. कोणाला विचारू नका." फासा पडला तिथेच राहिला. तो पावसात भिजला नाही, उन्हात तडकला नाही. येणारेजाणारे त्याला फूल वाहत आणि आपल्या कामाला लागत.

राणीच्या त्या एका शब्दावर किती चुली पेटल्या म्हणून सांगू! कोणी फासे कोरी, कोणी पट रंगवी, कोणी नव्या गोष्टी रचून बाजारात विकी. परमुलखातले लोक खेळ शिकायला येत, धर्मशाळेत उतरत आणि जाताना राजवाड्यातला पट घेऊन जात, कारण सर्वांत देखणा पट तिथेच रंगे. जितके लोक खेळत, तितके पट खपत. खजिना न मागता भरे.

पण सुखात गप्प बसतील तर ते राजे कसले? राजा पृथुसेनाचा खजिनदार होता कुंभीनस. तो मोठा मायावी. हवेतून मोहरा काढी. त्या संध्याकाळपर्यंत टिकत नसत, ही गोष्ट वेगळी. तो राजाला म्हणाला, "महाराज, झाड आपलं आणि आंबे सगळा गाव खातो. चौकातला फासा उचला. मग जो खेळेल, जो कोरील, जो रचील, तो आपल्याला पट्टी देईल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

राजा स्वतः हा खेळ कधी खेळला नव्हता. त्याला ते पटलं. तो चौकात गेला, वाहिलेली फुलं बाजूला सारली आणि फासा उचलून मुठीत धरला.

मूठ मिटली, ती उघडेना.

त्याच क्षणी राज्यातल्या सगळ्या फाशांवरचे ठिपके उडून गेले. आणि जे जे त्या वेळी खेळत होते, ते ते आपापल्या सोंगात अडकले. हलवाई राक्षस झाला होता, तो राक्षसच राहिला. जिलबी मागणाऱ्यावर डरकाळ्या फोडू लागला. कोतवालाने चोराचं सोंग घेतलं होतं, त्याने स्वतःचीच चावडी फोडली. आता पट्टी द्यायची कोणी? फासे कोरणारे आणि पट रंगवणारे शुद्धीवर होते, त्यांनी बिऱ्हाड पाठीवर टाकलं आणि सोंगातलाच एक नावाडी गाठून मायानदीपलीकडे निघून गेले. धर्मशाळेत कबुतरं घुमू लागली. राजवाड्यातल्या पटांना वाळवी लागली.

हे सगळं राजाने सोसलं असतं. पण त्याची एकुलती एक लेक मंजुघोषा त्या दुपारी सख्यांबरोबर खेळत होती. तिने म्हाताऱ्या नावाड्याचं सोंग घेतलं होतं. राजा धावत महालात गेला, तर ती कमरेत वाकून, हाती काठी धरून उंबऱ्यावर बसलेली. बापाकडे पाहून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काय रे, पैलतीरी जायचंय?"

राजाने तिला नावाने हाक मारली. ती म्हणाली, "काठावरून खूप लोक ओरडतात. मला कमी ऐकू येतं."

कुंभीनसाने मंत्र घातले, धूप जाळला, मुठीला तेल लावलं. मूठ हलली नाही. शेवटी तो म्हणाला, "महाराज, घेण्याची विद्या मी शिकलो. सोडण्याची शिकलो नाही."

तेव्हा खिडकीत एक मैना येऊन बसली. ती मेधावतीच्या वेळची, शंभरीच्या पुढची. ती म्हणाली, "राजा, तीन कामं कर. ज्या नदीत खरा नावाडी बुडतो, ती ओलांड. ज्याला तुझी गरज नाही, त्याच्या दारी जा. आणि जे तुला परत घेता येणार नाही, ते दे."

"मग माझी लेक मला ओळखेल?"

"तिसरं झालं तर," मैना म्हणाली.

मायानदीत खऱ्या नावाड्याची होडी बुडे, सोंगातल्या नावाड्याची तेवढी तरे. राजाने लेकीला काठावर नेलं. ती होडीत चढली आणि तिने विचारलं, "तू कोण?"

"मी राजा पृथुसेन. तुझा पिता."

होडी गरगर फिरू लागली. "राजे माझ्या होडीत बसत नाहीत," ती म्हणाली. "नीट सांग, कोण तू?"

पाणी आत आलं. राजाने तोंडाला येईल ते सांगितलं. "मी मेंढपाळ. माझं कोकरू हरवलंय."

होडी सरळ झाली. "असं बोल की! कसं होतं कोकरू?"

"पांढरं. डाव्या कानावर तीळ होता."

मंजुघोषेच्या डाव्या कानावरचा तीळ राजाला समोरच दिसत होता. ती वल्हं मारत म्हणाली, "सापडेल हो. काळजी करू नकोस." राजाने तोंड फिरवून डोळे पुसले. आयुष्यात पहिल्यांदाच तो सोंगखेळ खेळला होता.

राज्य सोडून गेलेल्यांपैकी बकुळा पैलतीरी राहत होती. फासे कोरण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती राक्षसाच्या दाढेचे फासे कोरत होती, आणि तो राक्षस शेजारी बसून गाल शेकत होता.

"बकुळाबाई, परत चला," राजा म्हणाला. "पट्टी माफ केली."

"महाराज, इथे आमचं बरं चाललंय. आम्ही नवा खेळ रचला. त्याचे नियम उघड्यावर ठेवले. आता यक्षही खेळायला येतात."

"पुन्हा फासा उचलणार नाही, असा मी शब्द देतो."

"शब्द आपल्या पणजींनीही दिला होता. त्यावर मी घर बांधलं, दोन मुली वाढवल्या. आपण एका दुपारी तो मुठीत घातलात. आता मला शब्द नको. असं काही द्या, जे आपल्याला परत घेता येणार नाही. आपल्या नातवालाही नाही."

राजा रागावला असता, पण कोणत्या तोंडाने? मग तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "बाई, मला सगळे नियम शिकवा."

बकुळेने शिकवले. ती जिथे विसरली, तिथे राक्षसाने गाल धरून आठवण करून दिली.

राजा लेकीच्या होडीतून परतला आणि तिला वल्ह्यासकट घेऊन चौकात उभा राहिला. त्याने मैनेला सांगितलं, "तुझं सारं गोत बोलाव." मैना आल्या, छपरं काळी झाली. राजाने एकेक नियम मोठ्याने म्हटला, आणि एकेक थवा तो तोंडपाठ करून उडाला. कोणी पूर्वेला गेला, कोणी समुद्रापलीकडे.

कुंभीनस धावत आला. "महाराज, मैनांच्या तोंडी गेलेलं जन्मात परत यायचं नाही!"

"म्हणूनच," राजा म्हणाला.

शेवटचा नियम उरला. राजाने आपली मिटलेली मूठ वर धरली. "टाकलेला फासा उचलायचा नाही," तो म्हणाला. "मी उचलला. मी चुकलो."

शेवटचा थवा उडाला आणि मूठ उघडली. फासा खाली पडला तो जुन्या जागी, जुन्याच अंगावर. घरोघरच्या फाशांवर ठिपके परतले. हलवायाने डरकाळी अर्ध्यात सोडून विचारलं, "किती देऊ, पावशेर?" कोतवाल स्वतःच्या घरातून स्वतःचाच चोरलेला माल घेऊन लाजत बाहेर आला. सगळ्या राज्याने सुटकेचा श्वास टाकला.

मंजुघोषेने पाठ ताठ केली. हातातल्या वल्ह्याकडे पाहिलं, मग बापाकडे. राजाला पुढे पाऊल टाकवेना.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं कोकरू सापडलं का?"

"सापडलं," राजा म्हणाला, आणि भर चौकात, प्रजेदेखत, लहान मुलासारखा रडला.

पुढे बकुळा परतली, पण तिचा नवा खेळही पैलतीरी चालू राहिला, आणि दोन्ही तीरांचं त्यात काही बिघडलं नाही. मैनांकडून खेळ शिकलेले लोक कुठून कुठून पट मागायला येऊ लागले. कुंभीनसाकडे चौक झाडायचं काम आलं. फाशाभोवतीचा केर तो जपून काढी, फाशाला हात लावत नसे.

अशी ही गोष्ट. ऐकलीत, आता ती तुमची झाली. आवडली तर भर घाला, पुढे सांगा. मला विचारू नका.